एक जुलैचा शालिग्राम

"वाच की पुढं. थांबली काहून?" शालिग्रामभाऊंनी विचारलं.

तृप्तीने मोबाइलवरची तीच ओळ पुन्हा एकदा मनात वाचली. बुऱ्हाणपुरात सिंधीपुऱ्यातल्या शाळेच्या वरच्या हॉलमध्ये जिल्हा बुद्धिबळ संघाची कार्यकारिणी जमली होती. रविवार असल्यामुळे खाली शाळा बंद, वर पंख्याची कुरकुर, आणि टेबलावर कपांमध्ये निवत चाललेला चहा. राज्य संघटनेकडून नवे नियम आले होते. ते सहसचिव म्हणून तृप्तीने वाचून दाखवायचे आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या, एवढंच त्या दिवशीचं काम होतं. पहिल्या कलमांना माना डोलल्या. खेळाडूंचा प्रतिनिधी हवा, हवा. कार्यकारिणीत बायका हव्यात, हव्यातच. मग ती थांबली ती थांबलीच.

"सत्तर वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला कोणतंही पद घेता येणार नाही," तिने एकदाचं वाचून टाकलं. "राज्यात आणि जिल्ह्यातसुद्धा. वय शाळेच्या दाखल्यावर असेल तेच धरलं जाईल."

"हे तर आपलंच कलम हाय," भाऊ खुशीत म्हणाले. "इंदूरले मीच मांडलं व्हतं. घेतलं म्हणायचं त्यांनी."

खजिनदार योगेंद्र चहाच्या कपात बघत बसला. आणि मग भाऊंच्या ध्यानात आलं की सगळे जण आपल्याकडे न बघण्याची फार काळजी घेताहेत. मागच्याच आठवड्यात, एक जुलैला, याच टेबलावर याच लोकांनी त्यांच्या सत्तरीचा केक कापला होता. केकवर क्रीमचा घोडा होता आणि घोड्याखाली ठसठशीत सत्तरचा आकडा. घोड्याचं डोकं योगेंद्रने खाल्लं होतं. तेव्हा कुणाच्याही मनात काही आलं नाही, भाऊंच्या तर नाहीच नाही.

शालिग्राम महाजन म्हणजे बुऱ्हाणपूरच्या बुद्धिबळाचे आईबाप, असं लोक म्हणत. बिजली ऑफिसात त्यांनी जन्मभर नोकरी केली, पण कुणी विचारलं तर सांगायचे, मी बुद्धिबळ संघाचा सचिव. नोकरीचं नाव दुसऱ्या वाक्यात. तीस वर्षांत एक रविवार त्यांनी चुकवला नाही. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन हॉलभर पट मांडायचे, प्रत्येक घोड्याचं तोंड समोर करायचं, घड्याळं जुळवायची. खेळ चालू असताना त्यांच्या हॉलमध्ये कुणी शिंकलं तरी बाहेर जाऊन शिंकायचं. डाव संपला की दोघांनी हात मिळवायचा, तोंडातून शब्द न काढता दोन्ही राजे पटाच्या मधोमध ठेवायचे आणि उठायचं. पांढरा जिंकला तर पांढऱ्या घरांत, काळा जिंकला तर काळ्या घरांत. भाऊ मागे हात बांधून फिरायचे आणि नुसते राजे बघून निकाल टिपून घ्यायचे. शिकवायला बसले की पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायचे: ज्या मोहऱ्याला हात लागला, तेच चालायचं. समोरच्याने पाहिलं की नाही, हा प्रश्नच नाही.

आता असा माणूस राजकारणात कशाला पडेल? पण पडला, आणि पडला तो तृप्तीपायी. तृप्ती आज बँकेत नोकरीला आहे, पण एके काळी ती राज्याची पहिल्या पटावरची खेळाडू होती. तिचा ऐन बहराचा काळ आला आणि नेमकी तेव्हाच दिल्लीची राष्ट्रीय संघटना फुटली. एक गट अध्यक्षांचा, एक सचिवांचा. दोन शिक्के, दोन राष्ट्रीय स्पर्धा, आणि दोघेही छातीठोकपणे सांगायचे की खरी संघटना आम्हीच. पोरगी बिचारी एका स्पर्धेत खेळली, तर दुसऱ्या गटाने तिच्यावर बंदी घातली. दोन वर्षं. मोठे लोक कोर्टात खुर्चीसाठी भांडत होते आणि तृप्ती राजपुऱ्यातल्या घरी बसून एकटीच दोन्ही बाजूंनी डाव मांडत होती. बंदी उठली तोवर लग्न झालं, नोकरी लागली, हातातलं ते कसब गेलं. तेव्हापासून भाऊंनी डोक्यात घेतलं की ही खुर्चीला चिकटलेली माणसं खाली उतरली पाहिजेत. राज्याची एक सभा म्हणून त्यांनी सोडली नाही. पदरचं भाडं घालून इंदूर, भोपाळ केलं, मागच्या बाकावरून उठून बोलले, लोकांनी चेष्टा केली तरी बोलले. शेवटी कोर्टाने दोन्ही गटांचे कान धरले, नवी घटना आली, आणि सुधारणावाल्यांची सरशी झाली.

गेल्या वर्षीची इंदूरची सभा तर भाऊंच्या आयुष्यातला सर्वांत गाजलेला दिवस. राज्याचे अध्यक्ष तेव्हा यादवजी होते, खंडव्याकडचे. धिप्पाड माणूस, पांढऱ्या मिशा, अध्यक्षपदावर इतकी वर्षं की लोकांना त्यांच्या आधी कोण होतं ते आठवत नसे. सत्तरीच्या अटीचा विषय निघाल्यावर यादवजी उठले आणि म्हणाले, "कागज पे सत्तर हुआ हूँ भाई, असल में अडसठ का हूँ. मास्टरजी ने लिख दिया था."

त्यावर मागच्या बाकावरून शालिग्रामभाऊ उठले. शांतपणे म्हणाले, "साहेब, हात लागला की चाल. कागदाले हात लागून गेला तुमचा."

सभागृह काय हसलं म्हणता! टेबलं बडवली लोकांनी. यादवजी थोडा वेळ उभे राहिले, मग पिशवी उचलून जेवणाच्या आधीच निघून गेले. ती त्यांची शेवटची सभा. नवे राज्य सचिव ऋषिकेश यांनी भाऊंना मिठी मारली. पुढे वर्षभर हा किस्सा भाऊंनी बुऱ्हाणपुरात ओट्या-ओट्यांवर सांगितला, यादवजींचा आवाज काढून सांगितला. अलकाकाकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, तो इतका पाठ झाला होता की भाऊंना ठसका लागला तर पुढचं वाक्य त्या स्वयंपाकघरातून पुरवत.

आणि आता गंमत पुढेच आहे. शालिग्रामभाऊ सत्तरचे नव्हतेच. तेसुद्धा खरे अडुसष्टचेच. त्या भागातल्या निम्म्या माणसांचा वाढदिवस एक जुलैला असतो, कारण शाळा एक जुलैला उघडायची आणि पोराला घेऊन आलेल्या बापाला तारीख ठाऊक नसली की मास्तर तीच टाकून मोकळे व्हायचे. बिजली ऑफिसात भाऊ निवृत्त झाले तेव्हा एकाच संध्याकाळी इतके जण निवृत्त झाले की हार पुरले नाहीत, एकच हार सगळ्यांच्या गळ्यांतून फिरवून फोटो काढले. भाऊंचा जन्म हिवाळ्यातला, देडतलाई गावचा, आणि साल दाखल्यापेक्षा दोन वर्षं पुढचं. घरात सगळ्यांना माहीत होतं, पण बोलण्याचा प्रसंगच कधी आला नव्हता. केक कोण सोडतो?

भाऊंच्या तोंडून आता हे निघालं आणि योगेंद्र खुर्चीतून उठलाच. त्याचं विजेच्या सामानाचं दुकान, त्यामुळे कुठलीही तार कुठेही जोडता येते असा त्याचा विश्वास होता. "भाऊ, टेन्शन नका घेऊ. शपथपत्र बनवून टाकू. देडतलाईवाल्या तुमच्या मोठ्या ताई अजून खणखणीत आहेत ना? त्यांची सही घेऊ, नोटरी करू. हो जाएगा." त्याने तिथूनच ऋषिकेशना फोन लावला. ऋषिकेश इंदूरहून म्हणाले की शालिग्रामभाऊंसाठी मार्ग काढायचा नाही तर कुणासाठी काढायचा, तुम्ही कागद पाठवा, बाकी मी बघतो. सगळ्यांच्या जिवात जीव आला. तृप्तीही हसली. भाऊंनी चहाचा कप उचलला, चहा पार थंड झाला होता, तरी पिऊन टाकला.

घरी अलकाकाकूंनी ऐकलं आणि ताबडतोब योगेंद्रच्या बाजूने मत दिलं. त्यांचं कारण साधं होतं. नोकरी सुटली तेव्हा भाऊंनी एका दुपारी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले होते, पुढे मसाल्याच्या बुटक्या डब्या प्याद्यांसारख्या ओळीने. काकूंना आठवडाभर जिरं सापडलं नव्हतं. "रविवार गेला तर तुम्ही माझ्या घरात राज्य करसाल," त्या म्हणाल्या. "जा, ताईकडून सही घेऊन या. खरं तेच तर सांगायचं आहे, खोटं थोडंच सांगून राहिले?"

हे मात्र खरं होतं. खोटं काहीच नव्हतं. तरी भाऊंना रात्री जेवण गेलं नाही. सचिवपद म्हणजे नुसती पाटी नव्हती त्यांच्यासाठी. रविवारी सकाळी हॉलचं कुलूप उघडताना जो हुरूप यायचा, तो दुसऱ्या कशात येत नव्हता, नातवंडांतसुद्धा नाही, हे ते कुणापाशी कबूल करणार नाहीत पण होतं तसंच. ते गेलं तर आठवड्याला धरायचं कुठून, हे त्यांना समजेना.

दुसऱ्या दिवशी ते बसने देडतलाईला गेले. मनकर्णाताई त्यांच्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. नवरा गेल्यावर माहेरच्याच गावात मुलाजवळ राहत होती. ओसरीत बसून, चष्मा नाकावर ओढून ती पेपर वाचत होती. भावाला पाणी दिलं, मग चहा, मग केळ्यांची फणी पुढे ठेवली आणि काम काय ते विचारलं. भाऊंनी सगळं सांगितलं, आणि हेही की वकील लिहून देईल, तिने नुसती सही करायची.

"करते की," मनकर्णाताई म्हणाली. "तू विहिरीच्या सालचा. आपल्या विहिरीले पानी लागलं, त्या हिवाळ्यात झाला. मले चांगलं याद हाय. मीच तुले कडेवर घेऊन पानी पाहाले गेलती."

"मग मास्तरनं दोन वर्षं वाढवून काहून लिहिलं? बाबांनी सांगितलं नाही का त्याले?"

मनकर्णाताईने चष्मा काढून पदराने पुसला. "तुले कोनी सांगितलं नाही का? बाबांनीच लिहाले लावलं. माय वावरात जाये. घरी तुले पाहाले मी. मास्तर दारी आला, म्हने पोरीले शाळेत धाडा. माय म्हने, पोरगी शाळेत गेली तं पोराले कोन पाहील? मास्तर म्हने, पोराले बी घेऊन ये. पन शाळेत सहाच्या आत बसवता येत नोयतं. मंग बाबा म्हने, सहाचा लिहून टाका, तसा त्यानं लिहिला. तू चारचा व्हता. माह्या मांडीवर झोपे वर्गात."

भाऊंच्या हातातलं केळं तसंच राहिलं.

"चौथी शिकली मी त्याच्यापायी," ती म्हणाली, आणि मांडीवरच्या पेपरवर हात ठेवला. "आपल्या गल्लीत माह्या वयाची एक बाई वाचत नाही. आन तो कागद. कुठं सही करू?"

भाऊ म्हणाले, कागद अजून व्हायचा आहे, झाला की आणतो. मग दोघं बराच वेळ वर्गातल्या गोष्टी काढत बसली. भाऊंना त्यातलं काही आठवत नव्हतं, पण पाटीच्या पेन्सिलीचा वास आठवल्यासारखा वाटला. निघताना ताईने केळी पिशवीत भरून दिली आणि, सही करायला मी केव्हाही तयार आहे, तू संकोच करू नको, असं दोनदा बजावलं.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून भाऊ केळीची वावरं बघत होते. तर ही दोन वर्षं चुकून पडलेली नव्हती. आयुष्यभर ते समजत होते की मास्तरने आपल्याला उगीच म्हातारं केलं, सरकारची दोन वर्षांची नोकरी खाल्ली. ती दोन वर्षं ओसरीत बसून पेपर वाचत होती. ती परत कशी मागायची? आणि मागायची ती कुणाकडे?

इथवर ठीक होतं. डोळे भरून आले, त्यांनी ते पुसले. पण बस वळणावर हळू झाली आणि त्यांच्या मनात दुसरंच काही आलं. यादवजी. तेही खेड्यातलेच. त्यांचंही तेच वाक्य, मास्टरजी ने लिख दिया था. वर्षभर भाऊंना पक्कं ठाऊक होतं की माणूस खुर्चीसाठी खोटं बोलतोय, म्हणून तर तो किस्सा इतका रंगायचा. आता पहिल्यांदाच त्यांना वाटलं की यादवजी खरं बोलत असतील. त्यांनाही कुणी मांडीवर घेऊन वर्गात बसलं असेल. यादवजी उतरले ते बरंच झालं, सत्तरीची अट बरोबरच होती, त्यात भाऊंना तेव्हाही शंका नव्हती आणि आताही नव्हती. पण खरं बोलणाऱ्या माणसाला आपण भर सभेत हसं केलं, आणि तेच वाक्य नोटरीचा शिक्का मारून आपण इंदूरला पाठवायला निघालोय, आणि आपल्यासाठी ते चालणार आहे, कारण ऋषिकेश आपला आहे. भाऊंना बसल्या जागी स्वतःची लाज वाटली. शेजारच्या माणसाने विचारलं, काका, पाणी पाहिजे का?

त्या संध्याकाळी त्यांनी यादवजींचा नंबर काढला आणि गच्चीवर जाऊन फोन केला. पलीकडून बराच वेळ नुसती घंटी. मग तोच भरदार आवाज आला. भाऊंनी नाव सांगितलं. यादवजींनी हं म्हटलं. माफी मागायची म्हणून भाऊंनी जे घोकून ठेवलं होतं ते ऐनवेळी राहूनच गेलं. ते एवढंच म्हणाले की पुढच्या महिन्यात आमची जिल्ह्याची खुली स्पर्धा आहे, तुम्ही खेळायला या, खेळायला वयाची अट नाही. यादवजी म्हणाले, देखता हूँ, आणि फोन ठेवला.

पुढच्या रविवारी भाऊंनी राजीनामा दिला. योगेंद्र वकिलाकडून मसुदा करून घेऊन आला होता, फक्त सह्या बाकी होत्या. भाऊंनी मसुद्याची घडी घातली आणि त्याच्याच खिशात ठेवली. योगेंद्र चिडला. म्हणाला, खोटं असतं तर गोष्ट वेगळी, हे तर सोळा आणे खरं आहे.

"यादवजींचं पण खरं व्हतं," भाऊ म्हणाले.

तृप्ती तर ऐकायलाच तयार नव्हती. तुम्ही नाही तर मीही नाही, असं म्हणून तिने भाऊंनी पुढे केलेल्या हॉलच्या किल्ल्या टेबलावर परत ढकलल्या. सगळ्यांना वाटलं आता भाऊ विरघळतील. भाऊ तिच्या समोर खुर्ची ओढून बसले. "तुह्यावर बंदी आली व्हती तवा मी दारोदार काय सांगत फिरलो? नियम सगळ्यांले एक पाहिजे. आता माह्यासाठी दुसरा करता का?" ते म्हणाले. "मले वाईट वाटून राहिलं बेटा. खूप वाटून राहिलं. पन तू किल्ल्या उचल."

तृप्तीने रडत रडत किल्ल्या उचलल्या. सचिव म्हणून तिचं नाव योगेंद्रने सुचवलं, तेही तोंड फुगवूनच.

स्पर्धेच्या दिवशी भाऊ सवयीने पहाटे उठले, आवरलं आणि दारापर्यंत जाऊन परत फिरले. इतक्या लवकर जायचं कारण उरलं नव्हतं. काकूंनी त्यांना लसूण सोलायला बसवलं. उन्हं वर आल्यावर ते हॉलवर पोचले तेव्हा पट मांडून झाले होते. घोड्यांची तोंडं समोर होती. एका पटावर राजा-वजिराची अदलाबदल झाली होती, ती त्यांच्या लांबूनच लक्षात आली, पण ते भिंतीशी जाऊन पाहुण्यासारखे उभे राहिले. थोड्या वेळाने ती तृप्तीला दिसली आणि तिने नीट केली.

पहिली फेरी लागणार एवढ्यात जिन्यावर जड पावलं वाजली. यादवजी आले होते. मिशा तशाच, पण अंगाने उतरलेले, हातात तीच पिशवी. त्यांनी तृप्तीकडे नाव नोंदवलं, शालिग्रामभाऊंकडे बघून मान हलवली. त्यांच्यामुळे खेळाडूंची संख्या विषम झाली. एकाला जोडीदार उरेना. असं झालं की कुणाला तरी पहिली फेरी नुसतं बसून राहावं लागतं, आणि जो इतक्या लांबून आला त्यालाच ती पाळी आली होती. तृप्तीने हॉलभर नजर फिरवली आणि भिंतीपाशी येऊन म्हणाली, "भाऊ, एक जण कमी पडून राहिला. तुम्ही बसता का?"

भाऊ तीस वर्षांत स्वतःच्या हॉलमध्ये एकदाही खेळले नव्हते. सचिवाने खेळायचं नाही, हाही त्यांचाच नियम. ते बसले. समोर यादवजी. हात मिळवले, यादवजींचा हात गरम आणि खरखरीत होता. तृप्तीने घड्याळं सुरू करायला सांगितली.

भाऊंकडे काळी मोहरी होती. डाव धिमा चालला. यादवजी चांगले खेळत होते, इतकी वर्षं अध्यक्ष म्हणूनच पाहिलेला हा माणूस खेळाडूही आहे, हे भाऊ विसरूनच गेले होते. हळूहळू भाऊंना डाव उमगत गेला, बरोबरी तर हातातच होती, थोडा जोर केला तर जास्तही. त्यांचा उंट बाहेर काढायचा होता. यादवजी मान वळवून पिशवीतून पाण्याची बाटली काढत होते. भाऊंनी हात पुढे केला, आणि बोटं उंटाच्या अलीकडे थांबली. घोड्यावर. थरथर हल्ली जरा वाढली होती. तो घोडा राजाचं दार धरून उभा होता, तो हलला की दार उघडं.

कुणी पाहिलं नाही. यादवजी बाटलीचं झाकण फिरवत होते. तृप्ती दुसऱ्या टोकाला होती. भाऊंनी बोटं घोड्यावर तशीच ठेवली. मग घोडा उचलला, त्यातल्या त्यात बऱ्या घरात ठेवला आणि घड्याळ दाबलं.

यादवजींनी पट पाहिला. मग भाऊंकडे पाहिलं, पुन्हा पट पाहिला. बराच विचार करून त्यांनी वजीर आत घातला. पुढच्या काही चालींत सगळं संपलं. भाऊंनी घड्याळ थांबवलं, हात पुढे केला. यादवजींनी तो धरला आणि लवकर सोडला नाही. मग भाऊंनी आपला काळा राजा आणि यादवजींनी आपला पांढरा राजा पटाच्या मधोमध, पांढऱ्या घरांत ठेवला.

"घोडा क्यूँ चले?" यादवजींनी खाली वाकून हळूच विचारलं.

"हात लागला व्हता."

"मैंने तो देखा नहीं."

"मी पाहिला ना."

यादवजी मिशीवरून हात फिरवत राजांकडे बघत बसले. फोनवर जे राहून गेलं होतं ते भाऊंना पुन्हा आठवलं, आणि पुन्हा जमेना. पण प्रश्न सुचला. तेही पुढे वाकले.

"यादवजी, असली कितना?"

यादवजींनी मान वर केली. हा माणूस पुन्हा चेष्टा करतोय का, ते त्यांनी आधी नीट पाहून घेतलं. "उनहत्तर," ते म्हणाले. "होली की रात का हूँ. अम्मा बताती थी."

"मी अडुसष्ट. विहिरीच्या सालचा." भाऊंचा आवाज जरा चढला होता. "मास्तरनंच लिहिलं व्हतं. तुमच्यासारखंच. मी उगाच हसवलं लोकांले त्या दिवशी."

मागून पावलं आली. तृप्ती निकालाचा कागद घेऊन उभी होती. तिने राजे पाहिले, यादवजींच्या नावापुढे एक लिहिला, आणि मग ओठांवर बोट ठेवून कुजबुजली, "भाऊ, शेजारी डाव चालू आहे. बोलायचं असेल तर बाहेर."

बोलून झाल्यावर आपण हे कुणाला म्हणालो ते तिला कळलं आणि ती गोरीमोरी झाली.

"बरोबर हाय," भाऊ तोंडातल्या तोंडात म्हणाले. त्यांनी मोहरी पुन्हा जागेवर मांडायला घेतली, आपली काळी आणि यादवजींची पांढरीही, घोड्यांची तोंडं समोर केली. एवढा एकच पट मांडून ते उठले, खुर्ची आवाज न करता आत सारली, आणि यादवजींच्या मागोमाग चहा प्यायला जिना उतरून गेले.